जवळच्या नातेवाइकाची सही

बिबवेवाडी, पुणे
८ जानेवारी १९९८

उल्का,

बारा वर्षांनी लिहितेय, तेव्हा मायना काय घालायचा हा प्रश्नच आहे. म्हणून घालत नाही.

गेल्या वर्षी तुझ्याकडे धायरीला फोन आल्याचं कळलं. मी दोनदा लावला. दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू रिसीव्हर खाली ठेवलास. अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली मी. लाइन तुटली की कुणी फोन ठेवला, हे मला आवाजावरून कळतं. पत्राचं बरं असतं. ते फाडण्याआधी माणूस एकदा वाचतो.

कळवायचं एवढंच की गेले तीन महिने माझ्या छातीत दुखतं. अगदी मधोमध, कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं. कळ डाव्या जबड्यात चढते. चालताना होतं आणि उभी राहिले की थांबतं. आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "गॅस."

मी म्हटलं, "डॉक्टर, गॅस जिने मोजून येतो का? दुसऱ्या मजल्यापर्यंत काही नाही, तिसरा सुरू झाला की येतो."

तर म्हणाले, "प्रेमलाताई, एकट्या राहणाऱ्या बायकांना रिटायर झाल्यावर असं वाटतं. मन रमवा. एखाद्या भजनी मंडळात जा."

"माझं मन उत्तम रमलेलं आहे. जबडा दुखतोय."

मग त्यांनी उपकार केल्यासारखा कार्डिओग्राम काढला. टेबलावर आडवं करून, पंखा लावून. आडवी असताना मला काही होतच नाही, हे मी तीनदा सांगितलं. पट्टी निघाली, नॉर्मल. प्रगतिपुस्तक दाखवावं तशी ती माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघा, पास!" आणि पाचकाची बाटली दिली. साठ वर्षांच्या बाईला पाचक! पुरुषाच्या छातीत दुखलं की हार्ट आणि बाईच्या दुखलं की गॅस, असा यांच्या पुस्तकात धडा असावा.

तुझे सोनबाराव गेले, त्यानंतर दहाव्याला मी जे बोलले, ते तुला लागलं हे मला ठाऊक आहे. चारचौघांत बोलायला नको होतं. पण खोटं नव्हतं. माणसाची वेळ कुणाच्या हातात नसते. माझ्या वास्तुशांतीच्या दिवशी, माझ्या दारात ती भरली, यात माझा काय दोष?

उत्तराची अपेक्षा नाही.

प्रेमला


१९ जानेवारी १९९८

उल्का,

पाचक संपलं. दुखणं आहे तिथेच आहे. म्हणून मी स्वतःच एका हृदयाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयानं माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींएवढी आहे, पण ऐकून घेते. मी बोलत असताना तिनं पेन खाली ठेवलं, याचं मला इतकं आश्चर्य वाटलं की पुढचं काय सांगायचं तेच विसरले.

तिनं मला धावत्या पट्ट्यावर चालवलं. नऊवारी-पाचवारीचा विचार त्या यंत्र बनवणाऱ्यानं केलेला नाही. कुणाचे तरी कॅनव्हासचे बूट घालून, निऱ्या एका हातात धरून मी चालले. चौथ्या मिनिटाला छातीत तो गुडघा आला आणि कागदावरच्या रेघा खाली बसल्या. डॉक्टरीणबाईंनी यंत्र थांबवून मला खुर्चीत बसवलं आणि जिभेखाली गोळी ठेवली. दोन मिनिटांत दुखणं गेलं. मला रडू आलं. दुखलं म्हणून नव्हे. खरं होतं म्हणून.

इस्किमिया म्हणतात याला. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडणं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी लाल-निळ्या पेन्सिलींनी हृदय काढायला शिकवलं होतं. ते सगळ्या शरीराला रक्त पुरवतं हे पाठ करून घेतलं. हृदयालाही रक्त लागतं, हे नाही शिकवलं. त्याच्या स्वतःच्या वेगळ्या बारीक नळ्या असतात आणि त्या आतून चरबीचा थर धरून अरुंद होतात. माणूस बसलेला असला की तेवढं रक्त पुरतं. चालायला लागला की हृदयाला जास्त लागतं आणि ते येत नाही. तेव्हा ते ओरडतं.

मला हे लगेच कळलं. आमच्या ट्रंक एक्स्चेंजला मुंबईच्या लाइनी ठरावीक असायच्या. एरवी दुपारी कुणीही मागावं, मिळायची. दिवाळीच्या पाडव्याला मात्र सगळं पुणं एकदम मुंबई मागायचं आणि बोर्डावर दिवेच दिवे. लाइनी तेवढ्याच, मागणी दहापट. आता कुणी दुपारी तीनला येऊन लाइन तपासली आणि "नॉर्मल" असं लिहून गेला, तर पाडव्याला काय होतं ते त्याला काय कळणार? आमच्या डॉक्टरांनी माझा कार्डिओग्राम दुपारी तीनला काढला, एवढंच.

त्या बाईंनी विचारलं, "सगळ्यांत जास्त कधी दुखतं?"

मी म्हटलं, "जेवल्यावर. दुपारी जेवून खाली शतपावली घालते तेव्हा."

"ती आजपासून बंद. जेवल्यावर पचनासाठीही रक्त लागतं. त्यात चालायचं म्हणजे हृदयावर दुहेरी ओझं. छातीत दाबल्यासारखं झालं की जिथे असाल तिथे थांबायचं, बसायचं. चालून मोकळं होईल, असं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही."

मग मी तिला एक प्रश्न विचारला. तो आणि तिचं उत्तर इथे लिहीत नाही.

अँजिओग्राफी करायची आहे. मांडीतून नळी घालून हृदयाच्या नळ्यांचा फोटो काढतात. नळी किती बंद आहे ते त्यावरून कळतं. थांबू नका, असं म्हणाली. एक नळी बरीच गेलेली असावी असा तिचा अंदाज आहे. तशीच ठेवली तर एक दिवस पूर्ण बंद होईल.

थंडी आहे. तुमच्याकडे शेतात जास्तच असेल.

प्रेमला


२ फेब्रुवारी १९९८

उल्का,

या पत्राबरोबर एक छापील फॉर्म आहे. तो हरवू नकोस. का ते सांगते.

हॉस्पिटलमध्ये नाव घालायला गेले. बरोबर माझी शेजारीण बिलकिस होती. तू तिला पाहिलं आहेस, वास्तुशांतीला पाटरांगोळ्या तिनेच काढल्या होत्या. खिडकीत एक कारकून. त्याचं आणि माझं बोलणं जसंच्या तसं देते.

"पेशंटबरोबर कोण आहे?"

"मी."

"तुम्ही पेशंट. बरोबर कोण?"

"ह्या. बिलकिस."

"नातं?"

"शेजारीण," बिलकिस म्हणाली.

"चालत नाही. मुलगा?"

"नाही."

"मिस्टर?"

"नाहीत."

"वारले?"

"जन्मलेच नाहीत."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. कारकून हसला नाही. म्हणाला, "जवळच्या नातेवाइकाची सही लागते. त्याशिवाय घेत नाहीत."

बिलकिस पुढे झाली. "अहो भाऊ, हिच्या घराची दुसरी किल्ली बारा वर्षं माझ्याकडे आहे. हिला ताप आला तर पेज मी करते. तुमचा नातेवाईक आणखी काय करतो?"

"नियम आहे, मावशी."

"तुम्ही तिला मावशी म्हणालात," मी म्हटलं. "म्हणजे तुमची नातेवाईक झाली. माझीच तेवढी होत नाही?"

मी त्याला सांगितलं, मी पदवीधर आहे, शुद्धीवर आहे, दीडशे मुलींच्या रजा आणि बदल्या माझ्या सहीवर झाल्या आहेत. फ्लॅट माझ्या सहीनं घेतला. पेन्शन माझ्या सहीवर मिळते. आणि माझ्याच छातीत नळी घालायला माझी सही चालत नाही? तर म्हणाला, "उद्या काही झालं तर आम्ही कुणाला सांगायचं?"

मी खिडकीतून कोरा फॉर्म ओढून घेतला. माझा संताप तू समजू शकशील.

डॉक्टरीणबाईंना भेटले. तिनं हात जोडले. "मलाही पटत नाही, पण ऑफिस ऐकत नाही. बहीण-भाऊ कुणीच नाही का?"

घरी येताना रिक्षात बिलकिस म्हणाली, "धायरीला कळव."

"ती बोलत नाही माझ्याशी."

"मग तर कळवच. रुसलेल्या माणसाकडे काही मागितलं की त्याला बोलावंच लागतं. नाही म्हणायला तरी."

तर मागते आहे. फॉर्मवर खाली उजवीकडे सही, नाव आणि नातं एवढं भरायचं. वीस फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी नऊची वेळ मिळाली आहे. पोस्टानं पाठवलास तरी चालेल. कारकुनाला विचारलं आहे. तू यायची गरज नाही. ही भीक नाही, कागदपत्रांची पूर्तता आहे, असं समज.

प्रेमला


११ फेब्रुवारी १९९८

उल्का,

तुझा फॉर्म आला नाही. आला असता तरी मी तो परत पाठवला असता. आधी हे वाच. मग सही करायची की नाही ते ठरव.

मागे लिहिलं होतं की डॉक्टरीणबाईंना मी एक प्रश्न विचारला. तो असा: "भरपेट जेवल्यावर एखाद्याच्या छातीत दाटून आलं, घाम फुटला आणि दुसऱ्या कुणी त्याला मुद्दाम चालायला पाठवलं, तर?"

ती म्हणाली, "तर त्या दुसऱ्याला आधी आवरा." तिला वाटलं, मी कुणा शेजारणीबद्दल बोलतेय.

त्या दिवशी सोनबारावांना मी पाठवलं. स्वतःहून ते गेले नाहीत.

पुरुषांची पंगत उठली होती. बाहेरच्या खोलीत माझे साहेब आणि त्यांची बायको नव्या सोफ्यावर बसले होते. सोनबाराव हात धुऊन मोरीपाशीच भिंतीला टेकून उभे होते. कपाळावर घाम. मला पाहून म्हणाले, "आक्का, छातीत गच्च झालंय. आत जरा आडवं व्हावं म्हणतो."

आतल्या खोलीत पलंगावर नवी चादर होती. साहेबांच्या बायकोची पर्स आणि शाल तिच्यावर ठेवली होती. तुझा नवरा सकाळी ऊस भिजवून तसाच एसटीनं आला होता. धोतराच्या काठाला चिखल वाळलेला होता. साहेबांच्या बायकोनं आत येऊन तो माणूस पलंगावर पडलेला पाहिला तर काय म्हणेल, हे माझ्या मनात आलं. पहिलं तेच आलं. त्यांचा घाम दुसरा आला.

मी म्हटलं, "सोनबाराव, पाच पोळ्या झाल्या तुमच्या. आडवं पडून जिरतात होय? खाली जा, शतपावली घाला. मोकळं वाटेल."

ते हसले. "बरं. तुमी शिकलेल्या."

आणि तीन जिने उतरले.

तेवढ्यात बायकांची पंगत बसली. तू पानावरून विचारलंस, "हे कुठं दिसत नाहीत?" मी म्हटलं, "शतपावलीला गेलेत. तू जेव." तू जेवत होतीस. मी तुला वरण वाढलं. खालून आरडाओरडा आला तेव्हा माझ्या हातात वाढायची पळी होती.

त्यानंतर दहाव्याला सगळ्यांसमोर मी म्हटलं की त्यांनी पाच पोळ्या खाल्ल्या होत्या. तुला वाटलं, मी तुझ्या नवऱ्याला खादाड म्हणाले, तुझ्या घराला हिणवलं. तसं नव्हतं. त्याहून वाईट होतं. कुणी विचारायच्या आत दोष त्यांच्याच पोटात ढकलायचा होता. आणि बारा वर्षांत मला तो तिथेच आहे असं खरोखर वाटायला लागलं होतं. परवापर्यंत. त्या पट्ट्यावर चौथ्या मिनिटाला मला कळलं की त्यांना काय होत होतं. मला तिथे खुर्ची मिळाली. त्यांनी मागितली तेव्हा मी जिना दाखवला.

डॉक्टरांनी मला गॅस म्हटलं म्हणून पहिल्या पत्रात मी केवढी आगपाखड केली. ते पत्र तू ठेवलं असशील तर पुन्हा वाच. डॉक्टरांच्या जागी माझं नाव घालून वाच.

नंतर मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाली की इतकं झालं होतं तर ते बसले असते तरी कदाचित गेले असते. तो "कदाचित" मी तुला देत नाही. माझा मलाही पुरत नाही.

फॉर्म फाडून टाकलास तर मी समजेन. वीस तारखेला सकाळी जाऊन वेळ रद्द करून येईन. गोळ्यांवर काही महिने निघतील म्हणतात. हे सगळं सही मिळाल्यावर सांगितलं असतं तर शहाणपणाचं ठरलं असतं, असं बिलकिसही म्हणाली. मला ते जमलं नाही.

प्रेमला


२४ फेब्रुवारी १९९८

उल्का,

फोन करत नाही. तू उचलशील की नाही हे मला आता सांगता येत नाही, आणि न सांगता येणारी गोष्ट करायला मी घाबरते.

शुक्रवारी मी हॉस्पिटलमध्ये वेळ रद्द करायलाच गेले होते. खिडकीसमोरच्या बाकावर तू बसली होतीस. मला वाटलं, तुझ्यासारखी कुणीतरी आहे. केस इतके पांढरे झाले असतील हे माझ्या डोक्यात नव्हतं. माझ्याकडे न बघता तू उठलीस आणि घडी घातलेला फॉर्म खिडकीत सरकवलास.

"नातं लिहायचं राहिलंय," कारकून म्हणाला.

"ते तुमी लिवा."

त्यानं तुझ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बहीण" असं लिहिलं. आपण एवढ्या सारख्या दिसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग तू दिवसभर थांबलीस. याबद्दल मी आभार मानणार होते, पण आधी तक्रार ऐक. मांडीवर वाळूची पिशवी ठेवून मला सहा तास सरळ निजवलं होतं. त्यातले निम्मे तास तू माझ्याकडे पाठ करून खिडकीतून खालच्या स्कूटरी पाहत होतीस. बिलकिसशी तिच्या गुडघ्याबद्दल बोललीस. नर्सला तिचं गाव विचारलंस. झाडणाऱ्या बाईला पाय उचलून जागा दिलीस आणि तिच्या सुनेची कागाळीही ऐकून घेतलीस. मला तहान लागली तेव्हा बिलकिसला म्हणालीस, "चमच्यानं पाजा. मान उचलू देऊ नका त्यांना." त्यांना! लहानपणी एका ताटात जेवलो आपण.

आणि सगळ्यात संताप कशाचा आला सांगू? छाती माझी, फोटो माझ्या हृदयाचे आणि ते आधी दाखवायला बोलावलं तुला. का, तर तू नातेवाईक. मी शुद्धीवर होते, इंग्रजीत प्रश्न विचारत होते, तरी पेशंटला ताण नको म्हणे. तू वीस मिनिटं आत होतीस. बाहेर आलीस, पिशवी उचललीस, बिलकिसला "येते" म्हणालीस आणि गेलीस. मला पिशवीखाली हलता येत नव्हतं, नाहीतर हाक मारली असती. नाही, खोटं नको. हाक मारायला हलावं लागत नाही. मारली नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या, तेव्हा मी त्यांनाच विचारलं की आत काय झालं. म्हणाल्या, तू तो काळा-पांढरा फोटो बराच वेळ पाहत राहिलीस. बारीक झालेली जागा बोटानं दाखवून विचारलंस, "हितं अडलं म्हंजे माणसाला काय वाटतं?" त्यांनी सांगितलं. मग विचारलंस, "चालताना पडला तर लई वेळ कळतं का त्याला?" त्या म्हणाल्या, बहुतेक वेळा नाही. मग तू पदरानं चष्मा पुसलास आणि माझ्याबद्दल विचारलंस. जेवणाचं पथ्य, जिने, गोळ्यांच्या वेळा. सगळं लिहून घेतलंस म्हणे.

एक नळी नव्वद टक्के बंद आहे. फुग्यानं रुंद करायची. नऊ मार्चची तारीख दिली आहे, सोमवार, सकाळी आठ. त्यालाही जवळच्या नातेवाइकाची सही लागते, वेगळ्या फॉर्मवर. तो मागायला आज मी खिडकीवर गेले. पुन्हा तुला लिहायचं, पुन्हा मागायचं, या विचारानं इतकी चिडले होते की कारकुनाला आल्याआल्या म्हटलं, "द्या तो तुमचा कागद."

तो म्हणाला, "तो तुमच्या बहीणबाई शुक्रवारीच घेऊन गेल्या. भरून त्या दिवशी आणते म्हणाल्या."

तोच पुढे म्हणाला, "नात्याच्या जागी काय लिहायचं, म्हणून विचारत होत्या."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, मागच्या वेळी मी लिहिलं. आता तुमचं तुम्ही ठरवा."

तर उल्का, धायरीहून सकाळच्या पहिल्या बसनं निघालीस तरच आठला पोचशील. बाकावर पंख्याखाली बसू नकोस, त्यातून तेल गळतं. आणि ती जागा कोरी ठेवलीस तरी माझी हरकत नाही. तो कारकून पुन्हा भरेल. या वेळी मी त्याला एका शब्दानं बोलणार नाही.

प्रेमला